गटिंग: रॅकेटच्या तारांचा इतिहास आणि माझं कोपर

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं सरळ केलीत, बाकी आहे तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका शब्दापासून सुरू होतो. गटिंग. वाशीममधे मी शाळेत असताना बॅडमिंटनच्या रॅकेटची तार तुटली की आम्ही दुकानात जायचो आणि म्हणायचो, 'काका, गटिंग करून द्या.' काका टोच्या घेऊन बसायचे, एकेक भोक मोकळं करायचे, नायलॉनची तार ओवायचे आणि हाताने ताणून गाठ मारायचे. मशीन नाही, पौंड नाही, काही नाही. झालं की अंगठ्याने जाळी वाजवून बघायचे. टण्ण आवाज आला की पास. 'टाइट पाहिजे का ढिली?' एवढाच प्रश्न असायचा, आणि आमचं सगळ्यांचं एकच उत्तर असायचं, 'एकदम टाइट.' काहून ते आम्हालाही माहीत नव्हतं.

टेनिस कोर्ट मी तेव्हा फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. पुण्यात नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं तेव्हा पहिल्यांदा टेनिसची रॅकेट हातात धरली. तिथेही तोच शब्द. गटिंग. जाळी पॉलिएस्टरची असो, नायलॉनची असो, भारतात ती करायची म्हणजे गटिंगच. आता गट म्हणजे इंग्रजीत आतडं. आतड्याचा एक धागाही नसलेल्या रॅकेटला आपण शंभरेक वर्षांपूर्वीच्या आतड्याचं नाव देत बसलोय, हे माझ्या डोक्यात आलं ते दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. आणि तेही आजीमुळे.

झालं असं की कोपर दुखत होतं म्हणून (त्यावर येतोच) एका सिनियर खेळाडूने मला त्याच्याकडची नॅचरल गट लावलेली जुनी रॅकेट खेळून बघायला दिली होती. ती मी वाशीमला घेऊन गेलो. एक तार तुटलेली, टोकाला उसवून केसांसारखी पिंजलेली. आजीने ते टोक दोन बोटांत धरलं, चुरगाळून पाहिलं आणि म्हणाली, 'हे तात व्हय काय रे बाबू?'

तात. हा शब्द मी त्याआधी ऐकलाच नव्हता. आजीने सांगितलं, तिच्या लहानपणी गाद्या-गोधड्या भरायच्या दिवसांत पिंजारी यायचा. खांद्यावर मोठं धनुष्य, त्याला जनावराच्या आतड्याची तात ताणलेली. कापसाच्या ढिगात ती तात धरायची आणि लाकडी ठोकळ्याने तिच्यावर मारायचं. टुंग, टुंग, टुंग. तात थरथरायची आणि कापूस उडून मोकळा व्हायचा. पावसाळ्यात पिंजारी येत नसे, कारण कापूसही ओला आणि तातही ढिली. 'आन काम सुरू कराच्या आंधी तो तात वाजवून पाहे,' आजी म्हणाली. म्हणजे आमचे गटिंगवाले काका जे करायचे तेच.

हा आमचा कापसाचा मुलूख. आता वाशीम जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन दिसतं, पण वऱ्हाड म्हटलं की कापूस, आणि कापूस म्हटलं की पिंजारी. टेनिस कोर्ट माझ्या गावात मी पाहिलं नाही, पण टेनिसची तार मात्र माझ्या आजीने माझ्या साठ-एक वर्षं आधी पाहिली होती.

तर इथून पुढे इतिहास.

लॉन टेनिसचं पेटंट वॉल्टर विंगफिल्ड या इंग्रज मेजरने १८७४ मधे घेतलं. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. त्याच्या मधे, १८७५ मधे, फ्रान्समधल्या लिऑन शहरात पिएर बाबोला याने टेनिसच्या रॅकेटसाठी आतड्याच्या तारा बनवायला घेतल्या. आज दुकानात जे बाबोलाट म्हणून मिळतं ते हेच घराणं. आतड्याच्या तारा हा त्यांचा आधीचाच धंदा, कारण व्हायोलिनसारख्या वाद्यांनाही त्याच लागायच्या. आपल्याकडे सारंगीच्या मुख्य तारा आतड्याच्याच असतात. म्हणजे सारंगीवाला, पिंजारी आणि विम्बल्डनचा चॅम्पियन हे तिघे एकाच मालाचे गिऱ्हाईक. तिघांना हवं तेही एकच: ताणलं तर ताण धरून ठेवेल, आणि मारलं तर झटक्यात परत येईल असं काहीतरी. (इंग्रजीत या तातीला कॅटगट म्हणतात, पण मांजराचा तिच्याशी संबंध नाही. सुरुवातीला मेंढीचं आतडं असायचं, आता गाईचं असतं. आतड्याच्या बाहेरच्या पापुद्र्याच्या पट्ट्या काढायच्या, त्या एकत्र पिळायच्या, वाळवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या.)

मराठी मुलखातला टेनिसचा इतिहास जिमखान्यांचा आहे. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. पण एक नाव मला फार आवडतं, आणि ते आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. लीला राव. जन्म १९११, मुंबई. आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री, गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. आईचे वडील शंकर पांडुरंग पंडित, अथर्ववेदाचे संपादक. अशा घरातली ही मुलगी १९३४ मधे विम्बल्डनला गेली आणि पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेलला हरवून विम्बल्डनमधे सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

मी इंजिनियर माणूस, माझं लक्ष लगेच तिच्या रॅकेटकडे जातं. १९३४ मधे नायलॉन अस्तित्वात नव्हतं. ड्युपाँने ते जगासमोर आणलं १९३८ मधे. म्हणजे त्या काळी मुख्य रस्ते दोन, आतडं किंवा रेशीम, आणि वरच्या दर्जाच्या टेनिसमधे आतडं. आता विचार करा, मुंबईचा जून-जुलै. आतड्याची तार दमट हवा पिते, फुगते, उसवते, ताण सोडते. म्हणून तेव्हाच्या लोकांच्या रॅकेटला मेणकापडाची खोळ, तारांवर वॉर्निश, आणि लाकूड वाकू नये म्हणून चार स्क्रूंचा लाकडी शिकंजा. जुन्या फोटोंत दिसणारा तो शिकंजा मला लहानपणी रॅकेटचाच भाग वाटायचा. आज आपण 'कोणती तार लावू, किती पौंड लावू' म्हणून तीन-तीन तास व्हिडिओ बघतो. तेव्हा निवड कमी आणि निगा जास्त, असा मामला होता.

युद्धानंतर नायलॉन आलं आणि तार स्वस्त झाली. पावसाला घाबरायची गरज संपली. गाव-तालुक्यापर्यंत रॅकेटचे खेळ पोचले त्यात या नायलॉनचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. वाशीमचे काका आतड्याची तार कुठून आणणार होते?

आता ताणाकडे येऊ. मराठीत हा शब्द भारी आहे, तारेचा आणि माणसाचा ताण एकच. लाकडी रॅकेटचं डोकं लहान असायचं, साधारण ६५ ते ७० चौरस इंच. लहान डोकं म्हणजे आखूड तारा, आणि आखूड तार कमी ताणावरही कडक लागते. त्यातही एक बियॉन बोर्ग. हा माणूस लाकडी रॅकेट ८० पौंडांच्या आसपास, म्हणजे ३६ किलोला ताणून घ्यायचा. रात्री हॉटेलच्या खोलीत त्याच्या तारा आपोआप तुटायच्या, असे किस्से आहेत. १९७६ मधे प्रिन्सची ११० चौरस इंचाची मोठी रॅकेट आली आणि हिशेब बदलला. तारा लांब झाल्या, लांब तार जास्त आत जाते, म्हणून तोच कडकपणा हवा तर ताण वाढवायचा. म्हणून 'मी ५५ वर खेळतो' हे वाक्य एकट्याने निरर्थक आहे. कुठल्या डोक्यावर, कुठल्या तारेवर, हे सांगितल्याशिवाय ५५ चा अर्थ लागत नाही. एककच न लिहिलेला आकडा समजा.

१९७७ चा किस्सा मात्र निवांत सांगतो, कारण तो माझा लाडका आहे. वेर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसाने रॅकेटला उभ्या तारांचे दोन थर लावले, आडव्या तारा त्यांत न विणता मधून नेल्या, आणि तारा सरकाव्यात म्हणून प्लास्टिकच्या नळ्या घातल्या. चेंडू लागला की उभ्या तारा बाजूला सरकायच्या आणि उसळून परत यायच्या. चेंडूला असला भोवरा बसायचा की समोरच्याला कळायचंच नाही तो कुठे उडणार. लोकांनी तिला स्पॅगेटी रॅकेट म्हटलं. त्या वर्षी अमेरिकन ओपनमधे रँकिंगमधे खूप खाली असलेल्या मायकेल फिशबाकने त्या रॅकेटने स्टॅन स्मिथला हरवलं, जो विम्बल्डन जिंकलेला माणूस. मग ऑक्टोबरमधे फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला इली नस्तासेने ती हातात घेतली. समोर गिएर्मो व्हिलास, मातीच्या कोर्टवर सलग ५३ सामने जिंकलेला. दोन सेट गेल्यावर व्हिलासने वैतागून सामना सोडला.

गंमत बघा, तोपर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. शंभर वर्षं! त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फेडरेशनने तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मधे नियम आला: तारा एकमेकींत विणलेल्याच हव्यात. प्रॉडक्शनमधे बग सापडल्यावर मग स्पेसिफिकेशन लिहायचं, ही आमच्या धंद्यातली पद्धत तिथेही आहे हे वाचून बरं वाटलं.

पण स्पॅगेटी मेली नाही. २० वर्षांनी ती नियमात बसून परत आली. १९९७ च्या फ्रेंच ओपनमधे ६६ व्या क्रमांकाचा गुस्तावो कुएर्तेन मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा या तीन माजी विजेत्यांना हरवून जिंकला. त्याच्या रॅकेटला लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. ही कंपनी आधी कपड्यांसाठी, चेनसाठी वगैरे धागे बनवायची. पॉलिएस्टर कडक आणि घसरडं. चेंडू लागला की उभी तार आडव्या तारेवरून सरकते आणि चेंडू सुटायच्या आत परत जागेवर येते. चेंडू जाळीवर असतो सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग, तेवढ्यात हे सगळं. २००२ मधे अगासीही पॉलिएस्टरकडे वळला आणि त्याच वर्षी रोम जिंकला. त्यानंतर बहुतेक सगळ्या व्यावसायिक खेळाडूंच्या रॅकेटमधे कुठे ना कुठे पॉली आलंच. नदालच्या पूर्ण जाळीत, फेडररच्या फक्त आडव्या तारांत. फेडररच्या उभ्या तारा शेवटपर्यंत आतड्याच्याच होत्या.

आणि इथे या इतिहासात माझं कोपर येतं.

मी नदालभक्त. खेळायला लागून चार महिने झालेले, फोरहँड नुकता जाळीपलीकडे जायला लागलेला. दुकानात गेलो आणि सांगितलं, नदालची तार. किती पौंड? नदाल ५५ वर खेळतो हे वाचलं होतं. मला कंट्रोल कमी पडतोय, म्हणजे थोडं वाढवू, ५८. दुकानदार काही बोलला नाही, मशीनवर चढवली आणि दिली. त्याला दोष देत नाही, वाशीमच्या काकांनाही मी 'एकदम टाइट'च सांगायचो.

सहा आठवड्यांनी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त बॅकहँडला, मग कुकरचं झाकण लावताना, मग चहाचा कप उचलताना. माझं पोट कीबोर्डवर चालतं. एका रिलीजच्या आठवड्यात मी डाव्या हाताने माउस धरून काम केलं आणि पहिल्यांदा घाबरलो. फिजिओथेरपिस्टने तीन महिने खेळ बंद करायला लावला आणि एक प्रश्न विचारला जो मला कोणीच विचारला नव्हता: ही तार शेवटची कधी बदलली? मी अभिमानाने म्हणालो, तुटलीच नाही अजून.

तेच चुकलं होतं. पॉलीची तार ताण भराभर सोडते आणि तिची उसळी मरते, पण ती तुटत नाही. नदालच्या दर्जाचा माणूस एक गटिंग एका सामन्यापलीकडे वापरत नाही. जानेवारी २०२३ मधे मी बालेवाडीला टाटा ओपन बघायला गेलो होतो. तिथे खेळाडू दर थोड्या गेमनंतर प्लास्टिकच्या पिशवीतून ताजी रॅकेट काढतात ते मी पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं काय हा तोरा. तोरा नव्हता तो. पॉली हे त्यांच्यासाठी बनलेलं आहे: ज्यांचा हात इतका वेगात येतो की कडक तारही वाकते, आणि ज्यांच्यामागे रोज तार बदलणारा माणूस आहे. माझ्या हातात तो वेग नव्हता. माझी तार सरकतच नव्हती, त्यामुळे भोवरा शून्य आणि झटका पूर्ण कोपरात.

मग निवडायचं कसं? मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. नवखे असाल, आठवड्यातून दोनदा-तीनदा खेळत असाल, तर मल्टिफिलामेंट घ्या. नायलॉनचे शेकडो बारीक तंतू पिळून केलेली तार, म्हणजे तातीचीच कारखान्यातली नक्कल. रॅकेटच्या दांड्यावर ताणाचा पट्टा छापलेला असतो, समजा ५० ते ६०, तर मधून किंवा थोडं खालून सुरुवात करा. चेंडू सतत लांब जात असेल तर पुढच्या वेळी दोन पौंड वाढवा, आखूड पडत असेल किंवा हात दुखत असेल तर दोन कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तार बदलली तर ताण तोच ठेवा. ढिली तार म्हणजे जास्त ताकद असं सगळे म्हणतात, पण चेंडूच्या वेगातला फरक खरं तर फार थोडा असतो. फरक पडतो तो चेंडू किती खोल पडतो यात आणि हाताला किती झटका बसतो यात. पॉली लावायचीच असेल तर १० टक्के ताण कमी करा, तुटायची वाट बघू नका, आणि फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या तारांत लावून बघा. उभ्या तारांचा खेळावर परिणाम जास्त, हे लक्षात ठेवा. जाळीत लावतात तो छोटा रबरी ठोकळा फक्त आवाज बदलतो, कोपराला त्याचा उपयोग नाही. मी दोन विकत घेतले होते.

माझा कारंज्याचा एक जैन मित्र आहे. कोपराला सगळ्यात सौम्य तार आतड्याचीच, हे कळल्यावर तो कौतुकाने लावणार होता. ती गाईच्या आतड्याची हे मी सांगितलं आणि विषय तिथेच संपला. तो मल्टिफिलामेंटवर खेळतो आणि मला दर रविवारी हरवतो.

आता थोडं आमच्या पद्धतीचं. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे सूर ५ टक्क्यांनी उतरला तर ताण साधारण १० टक्क्यांनी उतरलाय. मी फोनवर जाळीचा आवाज रेकॉर्ड करून सूर मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. गटिंग केल्याच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवतो, मग दर आठवड्याला टण्ण करून बघतो. समजा ५६० हर्ट्झचे ५३२ झाले की रॅकेट दुकानात. याची रेडिमेड ॲपही आहेत, पण स्वतः लिहिण्यात मजा वेगळी.

या दिवाळीत ती स्क्रिप्ट मी आजीला दाखवली. मोबाइल टेबलावर ठेवला, जाळीवर बोट मारलं, पडद्यावर आकडा आला. तिने चष्मा लावून आकडा पाहिला, मग रॅकेट माझ्या हातातून घेतली, कानाजवळ नेली आणि अंगठ्याने वाजवली.

'ढिली झाली,' ती म्हणाली.

आठ टक्के उतरली होती. सध्या मी १०० चौरस इंचाच्या रॅकेटवर, १.३० मिलिमीटरच्या मल्टिफिलामेंटवर, ५१ पौंडांवर खेळतो. कप उजव्या हातानेच उचलतो. तुमची रॅकेट, तार आणि ताण मला कळवा, आणि कृपया तिन्ही कळवा, नुसता आकडा पाठवू नका.